आज चाकं, चेन उद्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला आणि विचारलं, "राग कोणावर काढता?" मी म्हटलं, "जो समोर असेल त्याच्यावर." त्या म्हणाल्या, "आता वहीवर काढा. वहीचा रक्तदाब वाढत नाही." म्हणून ही वही. नवऱ्याने लगोलग आणून दिली, तीही दोनशे पानी. त्याला किती घाई झाली होती ते त्यावरून कळतं.

तर पहिला राग वेबसाइटवर.

आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. सुटकेसची चाकं, चेन, हँडलं, नंबरची कुलपं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून, गेली नऊ वर्षं, मी चालवते. आई गेल्यावर ते आमच्याकडेच राहतात. सदतीस वर्षं दुकान मुख्य रस्त्यावर होतं, बेकरीला लागून, तीन पायऱ्या चढून. मालकाने इमारत पाडायला काढली म्हणून एक तारखेला आम्ही तीन गल्ल्या मागे, ड्रायक्लीनरच्या बाजूला आलो. मशीन हललं, कपाटं हलली, फोन बंद झाला. वेबसाइट मात्र जागची हलली नाही. तिच्यावर जुनाच पत्ता आणि जुनाच, आता न वाजणारा फोन. मी बंद शटरवर नवा पत्ता लिहून कागद चिकटवला होता. पाडकामवाल्यांनी त्यावर पत्रे ठोकले.

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं वेबसाइट बघून येतात. बॅग तुटल्यावरच माणूस दुकान शोधतो, त्याआधी त्याला आमच्याशी काही घेणंदेणं नसतं. आज एक बाई एका चाकाची सुटकेस ओढत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमची वेबसाइट खोटं बोलते." उद्या पहाटेचं विमान होतं त्यांचं. चाक बसवून दिलं. इथवर पोचलात कशा विचारलं तर म्हणाल्या, "रस्त्यात एकांनी सांगितलं." निदान गल्लीतली माणसं तरी बरी आहेत. पण असं महिनाभर चाललं तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल, आणि ते मात्र मी फुकटात दुरुस्त करून लावीन.

दुसरा राग अण्णांवर. जुन्या दुकानात माझ्याआधी हजर असायचे. इथे आल्यापासून सकाळचा चहा झाला की टोपी घालतात आणि नऊला बाहेर. "कुठे?" "जरा फिरून येतो." ते येतात थेट एकला, जेवायला. शुक्रवारी सामान हलवताना मला विचारत होते, "मी कुठे बसू?" माझ्या हातात मशीनचं एक टोक होतं. म्हटलं, "अण्णा, बसा कुठेही, आत्ता डोकं खाऊ नका." नवी जागा अरुंद, त्यांचं स्टूल माळ्यावर टाकलंय. तरी उभ्याने का होईना, दोन शब्द गिऱ्हाइकाशी बोलायला माणूस नको का? पण नाही. ऐन अडचणीत ह्यांना फिरणं सुचतंय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वेबसाइट माझ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी करून दिली. हौसेने केली आणि परदेशी गेला. तिच्यात काही बदलायचं तर पासवर्ड हवा, पासवर्ड बदलायचा तर त्याच्या फोनवर कोड जातो, कोड पाच मिनिटांत मरतो, आणि मी जागी असते तेव्हा तो झोपलेला असतो. काल त्याला सविस्तर लिहिलं. आज उत्तर आलं. एक अंगठा.

पत्ता तर बदलायचाच आहे, पण खरं दुखणं निराळं आहे. आमच्याकडे रोज सगळी कामं होत नाहीत. चाकाच्या दिवशी रिव्हेट फोडायचे, ड्रिल चालवायचं, धातूचा चुरा उडतो. तो चुरा चेनच्या दात्यांत गेला की नवी चेनही महिन्यात दगा देते. म्हणून ज्याचा ढीग मोठा ते काम त्या दिवशी. अण्णा हे रोज सकाळी पाटीवर खडूने लिहून पायरीवर ठेवायचे. "आज चाकं, चेन उद्या." अक्षर असं की रस्त्यापलीकडून वाचावं. लोक पाटी वाचून परत फिरायचे, चिडायचे नाहीत.

वेबसाइटवर काय लिहिलंय? "सर्व प्रकारची दुरुस्ती त्वरित." हे मावसभावाचं साहित्य. आज दोघे चेन घेऊन आले, मी चाकाच्या चुऱ्यात बसलेली. दोघांनीही मला "त्वरित" हा शब्द फोनवर वाचून दाखवला.

पाटी शोधली, कपाटामागे ठेवली होती. नाही. सामान हलवताना फेकली गेली असणार. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "असेल कुठेतरी." नव्या दुकानाला छापील बोर्ड आहे, पाटीचं आता काय करायचंय म्हणा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वेबसाइटवाल्याकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, तीन स्क्रीन, एक झाड, तेही प्लास्टिकचं. मी म्हटलं, मला स्वतःला, रोज, दोन मिनिटांत बदल करता येईल असं काहीतरी हवंय.

"एकदम सोपं आहे," तो म्हणाला.

ज्याला ते काम स्वतः करायचं नसतं तोच सोपं म्हणतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याने तीन मार्ग सांगितले. पहिला, वर्षाचा करार करायचा आणि बदल त्याच्याकडे फॉर्म भरून पाठवायचा. अठ्ठेचाळीस तासांत होईल. म्हणजे आज चाकं आहेत हे लोकांना परवा कळणार. दुसरा, तो मला एक पॅनेल देणार. त्याने ते उघडून दाखवलं. डाव्या हाताला एकवीस नावांची यादी, प्रत्येक नावाच्या पोटात आणखी यादी. विमान चालवणाऱ्यालासुद्धा एवढी बटणं लागत नसतील. तिसरा, आयत्या साच्याची वेबसाइट, सगळं बोटाने ओढायचं आणि सोडायचं, "माझी आजीसुद्धा करेल." मी विचारलं, आजीची वेबसाइट आहे का. तो म्हणाला, नाही.

निदान जुना पत्ता तरी आधी बदल, म्हटलं. "बघतो, बॅकएंडला टाकतो," म्हणाला. टाकतो म्हणजे कुठे आणि बॅकएंड म्हणजे कोणाची मागची बाजू, हे मी विचारलं नाही.

रात्री जेवताना मी नेहमीसारखं उद्याचं काम बोलून दाखवलं, "उद्या चेन काढते, अठरा साठल्यात." अण्णांनी मान हलवली. नवरा म्हणाला, "तू पाटीच लाव ना बाहेर." मी म्हटलं, "बाहेर येतंय कोण वाचायला?" तो ताट उचलून आत गेला. भूगोलाचा मास्तर आहे, वादळ कुठून येतं ते त्याला कळतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

छोटी पक्कड हरवली. लाल मुठीची, चेनचा रनर आवळायची. सगळी पेटी उपसली. नवऱ्यावर आळ घेतला, ड्रायक्लीनरवर घेतला. दुसऱ्याची पक्कड घेऊन ड्रायक्लीनर काय इस्त्री करणार, असं तो म्हणाला. त्याचंही खरं आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते कारण लक्षात राहिली. आज आलेल्या एका सुटकेसच्या चाकातला गुंता कोणीतरी आधीच काढला होता. चाकात केस, दोरे अडकतात तो गुंता. तो नखाने निघत नाही, चाक उलटं फिरवत पकडीने ओढावा लागतो, आणि हे काही कोणाला माहीत नसतं. गिऱ्हाईक म्हणालं, "येताना वाटेत एकांनी काढून दिला, म्हणाले तेवढीच तीन गल्ल्या चालेल." हल्ली लोक व्हिडिओ बघून काहीही शिकतात. असंच चाललं तर आपली गरजच संपायची.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज चमत्कार झाला. एक बाई आल्या, पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "आज चाकं आहेत ना, मला माहितीये. माझी चेन आहे, ठेवून घ्या, उद्या येते." मी बघतच राहिले. त्यांच्यामागून आलेल्या माणसालाही ठाऊक होतं. "आज चाकं म्हणून मुद्दाम आज आलो."

म्हणजे वेबसाइटवाल्याने काहीतरी केलं खरं. मी त्याला गेल्या गुरुवारी रागाच्या भरात आमच्या कामाची पद्धत सांगितली होती, आणि तेव्हापासून रोज उद्याचं काम मेसेजने कळवतेय. त्याने ती टाकली असणार. बसल्या बसल्या माणसाला नावं ठेवणं बरं नव्हे, म्हणून त्याला फोन करून चक्क आभार मानले. आधी त्याने "कशाबद्दल?" विचारलं. मग म्हणाला, "हो, बॅकएंडला टाकलं होतं. दिसायला लागलं वाटतं."

माझ्या फोनवर मात्र जुनंच पान दिसतंय. तो म्हणतो, ते आधीचं साठवलेलं असतं, आपोआप जाईल. असेल.

अण्णांना ही बातमी सांगितली. ते म्हणाले, "छान झालं." आणि जास्तीची पोळी घेतली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अंगात किडा आहे माझ्या. एक काम होतंय म्हटल्यावर स्वस्थ बसावं ना. पण दुसऱ्याच्या हाताने किती दिवस पाणी पिणार, म्हणून तो तिसरा मार्ग, ओढायचा आणि सोडायचा, करून पाहिला. दुपारी दुकान बंद ठेवून बसले.

त्यांनी विचारलं, तुमचा व्यवसाय कोणता. यादीत बॅग दुरुस्ती नव्हती. जवळचं म्हणून "प्रवास" निवडलं. लगेच समुद्र, नारळाची झाडं आणि एक हसरं जोडपं आलं. जोडप्याला ओढून बाहेर काढलं तर त्यांच्याबरोबर दुकानाचं नावही गेलं. नाव परत आणलं, ते समुद्रात जाऊन बसलं. वेळ टाकली नऊ ते सात, तिथे दिसायला लागलं सकाळी नऊ ते सकाळी सात, म्हणजे मी दिवसाचे बावीस तास चाकं बसवते. मोबाइल नंबर तेवढा बरोबर बसला, एकदाच.

शेवटी नकाशावर टाचणी लावायची होती. ते काम मी नवऱ्याला दिलं. वीस वर्षं मुलांना नकाशा शिकवतोय. त्याने चष्मा लावला, जीभ दातांत धरली, टाचणी अलगद सोडली आणि म्हणाला, "बसली." मी "प्रकाशित करा" दाबलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला फोन. "मी पोचलोय, पण इथे तळं आहे."

मी म्हटलं, कोणतं तळं.

"बदकं आहेत," तो म्हणाला.

भूगोलाच्या मास्तरांनी टाचणी बागेतल्या तळ्याच्या बरोबर मध्यभागी लावली होती. त्या माणसाला मी फोनवर पावलं मोजून रस्ता सांगितला. आला तेव्हा एक शब्द बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

आता आमच्या दोन वेबसाइट्स आहेत. एक बंद दुकानात पाठवते, एक पाण्यात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ती नवी काढून टाकायला आणखी दोन तास गेले, कारण "तुम्ही खरंच जाताय? आम्हाला वाईट वाटतंय" असं ते चार वेळा विचारतात. वाईट तुम्हाला वाटतंय होय?

नवरा जेवताना म्हणाला, "अक्षांश बरोबर होता." मी ताटावरून उठले नाही, हा डॉक्टरीणबाईंचा गुण.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज अण्णांवर ओरडले. शर्टाची उजवी बाही पांढरी, बोटं पांढरी. मी ओळखलं. बेकरीत जाऊन बसतात आणि ते साखर भुरभुरलेले बन खातात. साखर मना आहे त्यांना, तीन वर्षं झाली. म्हणजे "फिरून येतो" चा अर्थ हा.

"खाल्लात ना बन?" मी विचारलं.

त्यांनी बाही झटकली. मग म्हणाले, "अर्धा."

"अर्धा म्हणजे किती दिवस अर्धा?"

"रोज नाही गं."

मी बरंच बोलले. मी एकटी मरमर मरतेय, दुकान बुडायची वेळ आलीय, आणि तुम्ही बन खात फिरताय, असंही बोलले. ते ऐकून घेत होते. एवढं ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही, एरवी एकाला दोन सुनावतात. खोकत होते मध्ये मध्ये. सकाळची थंडी अजून आहे, मफलर घेत नाहीत. त्यावरूनही बोलले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काम बरं चाललंय. आज अकरा जण, सगळ्यांना माहीत, आज हँडलं आणि कुलपं. वेबसाइटवाल्याचा करार करून टाकावा का, असा विचार करतेय. माणूस आगाऊ आहे, पण काम करतो. माझ्या फोनवरचं साठवलेलं पान मात्र अजून गेलं नाही. नवऱ्याच्या फोनवरही नाही. ड्रायक्लीनरच्याही नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अण्णांना ताप. रात्रीपासून खोकला. "जरा जाऊन येतो" म्हणत टोपी शोधत होते, मी टोपी कपाटात टाकून कुलूप लावलं. गोळी देऊन निजवलं.

दुकानात एक माणूस आला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक नाही. ड्रिल पुसून ठेवलं. रिव्हेट मापाप्रमाणे लावले. दुपारी वेबसाइटवाल्याला फोन केला, "आज काय केलंत तुम्ही?" तो म्हणाला, "सर्व्हर डाउन असेल. बघतो." मी म्हटलं, माझं दुकान डाउन झालंय, ते कोण बघणार.

घरी आले तर अण्णा जागेच. पहिला प्रश्न, "आले का कोणी?" नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं ताप वाढला. कपाळाला हात लावला तर उतरला होता.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज कसं लिहू कळत नाही, पण लिहिते.

दहा वाजता बेकरीवालीचा फोन आला. सदतीस वर्षांची शेजारीण, तिच्याकडे माझा नंबर आहे. म्हणाली, "अगं, अण्णा कालपासून आले नाहीत. बरं नाही का? पाटी मी आत घेतलीये, खुर्ची पण. काल दोघेतिघे बॅगा घेऊन उभे होते, मी तुझ्याकडे पाठवणार तर ओव्हनकडे धावावं लागलं, तोवर निघून गेले."

मी म्हटलं, "कोणती पाटी?"

ती म्हणाली, "म्हणजे काय, तुमचीच की."

दुकान बंद करून तिकडे गेले. बेकरीच्या फडताळाला टेकून आमची पाटी उभी होती. सोमवारचं अक्षर अजून तसंच होतं. "आज हँडल व कुलपं. चाकं उद्या. दुकान मागे गेले आहे, तिसरी गल्ली, ड्रायक्लीनरशेजारी." खाली बाण. शेजारी खडूची डबी आणि लाल मुठीची छोटी पक्कड.

बेकरीवालीने सगळं सांगितलं. एक तारखेपासून रोज, रविवार सोडून, नऊ ते एक. आधी पायरीवरच बसायचे, मग हिने खुर्ची दिली. वेबसाइट बघून आलेलं कोणी पत्रे ठोकलेल्या शटरकडे बघत थांबलं की अण्णा उठायचे. आधी बॅग बघायचे, मग माणूस. चाकातला गुंता काढून द्यायचे, निसटलेला रनर आवळून द्यायचे, म्हणजे बॅग तीन गल्ल्या निघेल. दमलेलं कोणी असलं तर कोपऱ्यापर्यंत सोबत जायचे. एकानंतर येणाऱ्यांसाठी पाटी खुर्चीवर ठेवून जायचे.

"आणि बन?" मी विचारलं.

"कसला बन?" ती म्हणाली. "बिनसाखरेचा चहा घेतात एक, तोही मी बळेच दिला तर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत झाली गं तुझी."

मी पाटी, पक्कड आणि खडूची डबी उचलून घेतली. सतरा दिवस मी त्या वेबसाइटवाल्याला, नवऱ्याला, डॉक्टरीणबाईंना सांगत होते की एवढ्या मोठ्या जगात मला मदत करायला एक माणूस नाही. लाज वाटली. चांगली, भरपूर वाटली. शनिवारी मी जे बोलले ते इथे लिहून ठेवलंय, म्हणून खोडता येत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

अण्णांना ताप नाही. सकाळी त्यांच्या खाटेशी बसले आणि खडूची डबी पुढे ठेवली. त्यांनी डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तू वेबसाइट करत होतीस ना," ते म्हणाले. "ती होईपर्यंत कोणीतरी तिथे असायला हवं."

"आणि बन खाल्ला असं का म्हणालात?"

"तू विचारलंस म्हणून." मग म्हणाले, "खडू म्हटलं असतं तर तू मला थंडीत बसू दिलं असतंस का? आणि इथे येऊन तरी मी काय करणार? तुझी धावपळ. मध्ये मध्ये उभं राहून नुसती अडचण. तिथे माझी पायरी होती."

मला "मी कुठे बसू" आठवलं. त्यांनी आठवण करून दिली नाही, मीच आठवलं. म्हटलं, "अण्णा, मी चुकले." ते म्हणाले, "चहा टाक." आमच्या घरात याच्यापुढे कोणी जात नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

वेबसाइटवाल्याकडे गेले. आधी सर्व्हरची चौकशी केली. मग विचारलं, माझ्या पानावर तुम्ही आजवर नक्की काय टाकलंत. त्याने प्लास्टिकच्या झाडाकडे पाहिलं. एवढे दिवस मी याचे आभार... असो, ओरडले नाही. ओरडायला आले होते, पण त्याच्यापेक्षा मोठी चूक मी स्वतः करून बसले होते.

म्हटलं, "हे बघा, पत्ता आणि फोन एकदाच बदला. त्यानंतर माझं पान कधीच बदलणार नाही, फक्त एक फोटो रोज सकाळी बदलेल. पाटीचा फोटो. तेवढं मला करता आलं पाहिजे, एका हाताने, दुसऱ्या हातात ड्रिल असताना."

त्याने की-बोर्ड बाजूला सारला. मग म्हणाला, "मग पॅनेल कशाला? एक मेलचा पत्ता करून देतो. फोनवरून फोटो त्या पत्त्यावर पाठवायचा, तो आपोआप पानावर येईल, कालचा जाईल. हे पहिल्या दिवशीच सांगायचं ना."

"पहिल्या दिवशी मला कुठे माहीत होतं," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

पासवर्डसाठी मावसभावाला पुन्हा लिहिलं. या वेळी पॅनेलचं, कोडचं काही नाही लिहिलं. अण्णा दोन आठवडे जुन्या दुकानाशी थंडीत बसत होते, एवढंच लिहिलं. त्याच्याकडे पहाटेचे चार वाजले होते. तीन मिनिटांत कोड आला. अंगठा नाही, नुसता कोड.

संध्याकाळी माझ्या फोनवर, नवऱ्याच्या फोनवर आणि ड्रायक्लीनरच्या फोनवर नवा पत्ता दिसला. टाचणी वेबसाइटवाल्याकडून लावून घेतली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

माळ्यावरून स्टूल खाली काढलं. जागा नाही, जागा नाही म्हणत होते, ती रिव्हेटचं कपाट एक हात सरकवल्यावर झाली. दाराशी, उजव्या बाजूला, जिथे ऊन येतं. कपाट सरकवायला दहा मिनिटं लागली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

अण्णांनी आठ वाजता पाटी लिहिली. स्टुलावर बसून, पाटी मांडीवर, डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून. हात थरथरतो, अक्षर थरथरत नाही, हे कसं ते त्यांनाच माहीत. "आज चाकं, चेन उद्या." मी फोटो काढला. पहिल्या फोटोत माझा अंगठा आला. दुसरा पाठवला, आणि मिनिटभरात पान बदललं. अण्णांना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "खडू थोडा ओला करायला हवा होता."

तरी नऊ वाजता टोपी घातली. "फिरून येतो." मी मफलर दिला.

दुकानात माणसं यायला लागली. साडेनऊला एक, मग दोन. सगळी नव्या पत्त्यावर, चाकंच घेऊन. महिनाभर मला जे हवं होतं ते असं सरळ दारातून आत येत होतं, आणि माझं लक्ष रस्त्याकडे.

अकरा वाजता अण्णा परत आले. एकची वेळ, अकराला आले. मफलर काढून घडी केली आणि म्हणाले, "आज तिकडे कोणी आलं नाही."

मी म्हटलं, "बसा." ते स्टुलावर बसले. समोर एक आजी सुटकेस घेऊन उभ्या होत्या. अण्णांनी वाकून चाक बघितलं, मग आजींना बघितलं, आणि माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मी लाल मुठीची पक्कड त्या हातावर ठेवली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज टोपी खुंटीवरच होती. मी मशीनला तेल देत होते, त्यांनी पाटी लिहून दाराशी ठेवली आणि म्हणाले, "घे तुझा फोटो."

"आज चेन, चाकं उद्या," असं होतं. खाली जागा उरली होती तिथे त्यांनी बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली होती. "जुन्या पायरीवर आता कोणी बसत नाही. सरळ इकडे या."

मी ती ओळ दोनदा वाचली. मग फोटो काढला, अंगठा न येऊ देता, आणि पाठवून दिला.